सुनेनं सजवलेलं घर

अर्डिस किंगबर्डला स्वतःचं घर मिळालं ते वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. आदिवासी ओजिब्वे जमातीच्या कचेरीतल्या घरांच्या यादीत तिचं नाव अकरा वर्षं पडून होतं. तेवढी वर्षं तिनं पत्र्याच्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या डब्याएवढ्या घरात काढली, आणि त्यातच नवऱ्याचं आजारपण काढलं, मरणही पाहिलं. नवरा, एल्मर, जाऊन नऊ वर्षं झाल्यावर कचेरीतून चिठ्ठी आली: गूसनेक तळ्याच्या काठावरचं पिवळं घर तुमचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे तळ्याकडे तोंड करून लाकडी ओटा.

चावी हातात पडली त्याच आठवड्यात तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. मोतीबिंदू पिकला होता. मुलगा डॅरिल तिला गाडीतून शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला, आणि सामान लावायचं काम सुनेवर आलं.

सून म्हणजे ब्रिटा. पश्चिमेकडच्या सपाट मुलखातल्या नॉर्वेजियन शेतकऱ्याची मुलगी, पिवळ्या केसांची, उन्हात पाच मिनिटं उभी राहिली तरी लाल होणारी. डॅरिलशी लग्न करून वस्तीत आली तेव्हा बायका म्हणाल्या, "पहिल्या बर्फाबरोबर पळेल." तीन हिवाळे झाले, पोरगी पळाली नाही. सासूशी अदबीनं वागायची, इतक्या अदबीनं की अर्डिसला कधीकधी आपण शाळेच्या मुख्याध्यापिका आहोत असं वाटायचं.

तीन दिवसांनी पट्टी काढून अर्डिस परतली. दहा वर्षं धुरकट दिसलेलं जग लख्ख झालं होतं. रस्त्यावरचा प्रत्येक दगड वेगळा दिसत होता. त्या नव्या डोळ्यानं तिनं आपलं घर पाहिलं.

दारावर एक ड्रीमकॅचर, वाईट स्वप्नं अडकवायचं ते पिसं लावलेलं गोल जाळं. आत भिंतीवर तीन. पलंगाच्या डोक्याशी परातीएवढा मोठा, गुलाबी रंगवलेल्या पिसांचा. न्हाणीघरातसुद्धा एक छोटा, निळ्या प्लास्टिकच्या मण्यांचा. आणि ओट्यावर विंडचाइम, एक नाही, पाच! काचेचं, बांबूचं, शिंपल्यांचं, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं, आणि मधोमध एक जुनं पितळी. तळ्यावरून वारा आला आणि पाचही एकदम वाजायला लागली.

ब्रिटा दाराशी हात जोडल्यासारखे धरून उभी होती. "आई, आवडलं का? मी मुद्दाम तुमच्या... म्हणजे तुमच्या लोकांच्या वस्तू शोधून आणल्या."

अर्डिसनं गुलाबी पिसांकडे पाहिलं. मागच्या बाजूला कारखान्याचा कागद चिकटलेला होता. नव्या डोळ्याला तोही वाचता आला.

"छान आहे गं," ती म्हणाली. "पुष्कळ आहे."

दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण फिलिस घर बघायला आली आणि उंबऱ्यातच थबकली. "अर्डिस! पेट्रोलपंपावरचं दुकान चालवायला घेतलंस की काय? दोन घे, एक फुकट?"

"हळू बोल. सुनेनं लावलंय."

"मग काढून टाक ना."

"कशी काढू? पोर रोज येते."

ब्रिटा खरंच रोज यायची. डॅरिल रस्त्यावरचा बर्फ उपसायच्या गाडीवर होता, पहाटेच जायचा. जुना ट्रेलर आता त्या दोघांचा होता, तिथून अर्धा मैल चालत ती यायची. कधी सूप आणायची, कधी नुसतीच बसून विणकाम करायची. अर्डिसला तिची सवय झाली. ड्रीमकॅचरचीही झाली, कारण ते मुकाट्यानं लटकायचे. त्रास होता तो विंडचाइमचा. गूसनेकवर वारा कधी थांबत नाही. बांबू खडखडे, शिंपले चुरचुरत, नळ्या किणकिणत, आणि पितळी मोठ्या आवाजात टोल देई. दुपारी घटकाभर डोळा लागावा तर जेवणाची घंटा झाल्यासारखी अर्डिस दचकून उठे. घंटा तिला मुळातच आवडत नसे. लहानपणी सरकारी बोर्डिंग शाळेत उठणं, जेवणं, झोपणं सगळं घंटेवर चालायचं.

शेवटी एके दिवशी तिनं लाल लोकरीचे तुकडे घेतले, स्टुलावर चढली आणि पाचही विंडचाइमच्या जिभा बांधून टाकल्या. ओट्यावर वारा येत राहिला आणि कुणी काही बोललं नाही. त्या दुपारी अर्डिस दोन तास झोपली. ब्रिटा यायच्या वेळेला ती गाठी सोडायची, ब्रिटा गेली की पुन्हा बांधायची. त्रेसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढउतार! पण ते तिला सोपं वाटे. पोरीच्या तोंडावर सांगणं अवघड.

डिसेंबरात ब्रिटानं बातमी दिली. दिवस गेले होते. अर्डिसनं तिचे दोन्ही गाल धरले, मग तव्यावर भाकरी टाकली, कारण आनंद झाला की तिला काहीतरी तळायला नाहीतर भाजायला लागायचं. ब्रिटा भाकरीला मेपलची साखर लावून खात होती. खाता खाता म्हणाली,

"आई, एक मागू?"

"माग की."

"पाळण्याला लावायला जाळं हवंय. दुकानातलं नको. मी पुस्तकात वाचलं, खरं जाळं अगदी छोटं असतं, वाळुंजीच्या फांदीचं, आणि घरातल्या बाईनंच करायचं असतं. तुम्ही मला शिकवाल?"

अर्डिसनं तव्याकडे तोंड फिरवलं. "शिकवीन की. पण आत्ता फांदी वाळलेली असते. वाकवली तर मोडते. वसंतात बघू."

हे तिनं कुठंतरी ऐकलेलं होतं आणि सुदैवानं खरं होतं.

खरी गोष्ट अशी की अर्डिसला जाळं विणता येत नव्हतं. ओजिब्वे बाई, पांढऱ्या वेण्या, तळ्याकाठचं घर, म्हणजे येणारच असं सगळे धरून चालायचे. तिनंही कधी कुणाला नाही म्हणून सांगितलं नव्हतं. सहाव्या वर्षी सरकारी माणसांनी तिला त्या बोर्डिंग शाळेच्या गाडीत बसवलं, ती परत आली सोळाव्या वर्षी. आई मधेच कधीतरी गेली होती, ते तिला पत्रानं कळलं. शाळेत ती इस्त्री करायला शिकली, उशांवर भरतकाम करायला शिकली, प्रार्थना शिकली. जे आईकडून यायचं ते आलंच नाही. ओजिब्वे भाषेतले वीस-पंचवीस शब्द काय ते उरले, तेही कुत्र्याशी बोलण्यापुरते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहता राहता म्हातारी झाली.

ती मूठ आजवर एकदाच कुणी उघडली होती. एल्मर वारला तेव्हा त्याची थोरली बहीण डेल्फीन म्हणाली, चार दिवस शेकोटी पेटती ठेवू, आपल्या रीतीनं पाठवू. अर्डिसला ती रीत ठाऊक नव्हती आणि विचारायची लाज वाटली, म्हणून तिनं पाद्र्याला बोलावलं. भरल्या सभागृहात डेल्फीन कडाडली, "तुला काय कळतंय गं आपल्यातलं?" त्या दिवसापासून नणंद-भावजयींचं बोलणं बंद होतं. दुकानात समोरासमोर आल्या तर एक पिठाच्या रांगेत जाई, दुसरी साबणाच्या.

फेब्रुवारीत जोराचा बर्फ झाला. अर्डिस गुडघा धरून आत पडून होती. ब्रिटा न सांगता सकाळीच आली, ओट्यावरचा बर्फ काढायला. फावड्याचा आवाज आला, मग थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पावलं पायऱ्या उतरून गेली.

अर्डिसनं बाहेर येऊन पाहिलं. ओटा स्वच्छ होता. पाचही विंडचाइम लाल लोकरीत बांधलेली तशीच होती.

दुसऱ्या दिवशी ब्रिटा आली नाही. तिसऱ्याही नाही. आठवडा गेला. रविवारी डॅरिल एकटाच आला, हातात कागदात गुंडाळलेले मासे घेऊन.

"बरं नाहीये का तिला?" अर्डिसनं विचारलं.

"बरी आहे." डॅरिल बूट काढायचं नाव घेईना. "आई, ती सारखी रडतेय. आणि मला म्हणते, आईंना काही सांगू नकोस."

"एवढ्या त्या वाजणाऱ्या वस्तूंपायी? अरे, झोप लागेना म्हणून बांधल्या!"

"पितळी तिच्या आईचं होतं."

अर्डिस ओट्याच्या दाराला टेकली.

"शेत विकलं तेव्हा भावांनी सामान वाटून घेतलं," डॅरिल म्हणाला. "हिनं तेवढंच मागून घेतलं. तिची आई शेवटी आजारी होती तेव्हा खिडकीपाशी पडून ते ऐकायची. आमच्या ट्रेलरपाशी झाडी आहे, वारा लागत नाही. म्हणून म्हणाली, आईंच्या ओट्यावर लावते, तळ्याचा वारा आहे. एकटं दिसू नये म्हणून बाकीची चार विकत आणली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?"

डॅरिल गेल्यावर अर्डिसनं मासे तसेच ओट्यावर बर्फात टाकले. आधी तिनं पितळी विंडचाइमची गाठ सोडली. बोटं थंडीनं आखडली होती, लोकर गोठून कडक झाली होती, दातांनी ओढावी लागली. मग तिनं कोट चढवला आणि दुखऱ्या गुडघ्यानं अर्धा मैल चालत गेली.

ब्रिटानं दार उघडलं. डोळे सुजलेले होते. "आई! एवढ्या बर्फातून? आत या, आत या."

"आत येते, पण आधी इथंच बोलते. आत आले की तू कॉफी करशील आणि माझं राहून जाईल." अर्डिसनं दम घेतला. "तुझ्या आईचं आहे हे मला माहीत नव्हतं. चुकले मी. आणि दुसरं. तू जाळं शिकव म्हणालीस ना? मला येत नाही."

"वाळुंज अजून..."

"वाळुंजीचं मरू दे. मलाच येत नाही. मला कुणी शिकवलंच नाही. आयुष्यात एक केलेलं नाही मी."

 ब्रिटाचं तोंड एकदम लाल झालं. "म्हणजे मी तुमच्या घरात ते सगळं लावलं... आणि तुम्हाला..." तिनं तोंडावर हात घेतला. "अरे देवा. तुम्हाला ते बघून काय वाटलं असेल!"

"न्हाणीघरातल्याचं जरा नवल वाटलं. तिथं कुणाला स्वप्नं पडतात?"

ब्रिटाला हसू फुटलं, त्यातच रडूही आलं, आणि मग दोघी दारातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. ट्रेलरमधली सगळी ऊब बाहेर जात होती.

कॉफी झाल्यावर ब्रिटा म्हणाली, "मग कुणाला येतं?"

"एका बाईला येतं," अर्डिस म्हणाली. "पण ती माझ्याशी नऊ वर्षं बोलत नाही."

मार्चच्या शेवटी मेपलच्या झाडांतून रस ठिबकायला लागला की डेल्फीन वस्तीत नसते. तळ्यापलीकडच्या रानात तिची पिढीजात जागा आहे, तिथं ती साखरेसाठी रस आटवत बसते. अर्डिस आणि ब्रिटा तिथं पोचल्या तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मोठ्या कढईखाली जाळ होता आणि डेल्फीन लांब दांड्याच्या पळीनं रस ढवळत होती. अंगात एल्मरचा जुना चौकडीचा कोट. तो कोट बघून अर्डिसला पुढं पाऊल टाकवेना.

डेल्फीननं मान वर केली. "अगं बाई! पाद्र्यांची लाडकी रानात कशी? वाट चुकलीस का? चर्च तिकडं राहिलं."

"तुझ्याकडेच आले, ताई."

"आणि ही मक्याच्या कणसासारखी कोण? डॅरिलची का? पोट बघ केवढं. बस पोरी त्या ओंडक्यावर. तू नको बसूस, अर्डिस, तू उभी राहा."

अर्डिस उभी राहिली. खिशातून तंबाखूची पिशवी काढून तिनं दोन्ही हातांनी पुढे धरली. डेल्फीन ढवळायची थांबली. पिशवी घेतली म्हणजे मागणं मान्य केलं, हे एवढं तरी अर्डिसला माहीत होतं. डेल्फीननं हात पुढे केला नाही.

"आधी बोल. मग बघते घ्यायची का."

"जाळं विणायला शिकव."

"या पोरीला?"

"तिलाही. आधी मला. मला येत नाही, ताई. मला आपल्यातलं काहीच येत नाही. तू तेव्हा म्हणालीस ते खरं होतं."

कढईत रस खदखदत होता. डेल्फीननं पळी बाजूला ठेवली, कोटाला हात पुसले आणि पिशवी घेतली.  पिशवी नुसती उलटीसुलटी करत राहिली.

"खरं होतं," ती शेवटी म्हणाली, "पण बोलायला नको होतं. तुला कुणी शिकवलंच नाही, मग कळणार कुठून? हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. भाऊ मेला होता, कुणाला तरी बोलायचं होतं, तू समोर होतीस." मग एकदम आवाज चढवून, "बस आता! उभी काय राहिलीस खांबासारखी?"

तळ्याच्या कडेला तांबड्या सालीची वाळुंज दाट माजली होती. डेल्फीननं करंगळीपेक्षा बारीक फांद्या तोडायला सांगितल्या आणि प्रत्येक झुडपापाशी त्याचे आभार म्हणून चिमूटभर तंबाखू टाकायला लावली. फांदी गुडघ्यावर हळूहळू वाकवायची, टोकं एकमेकांत अडकवून बांधायची. तळहातात मावेल एवढंच कडं. मग सुताचा फेर: कड्यावरून टाकायचं, आतून काढायचं, ओढायचं. पहिला फेरा कड्याला, दुसरा पहिल्या फेऱ्याच्या मधोमध, असं करत आत जायचं आणि मधे भोक ठेवायचं.

"झाडावरचा कोळी काय करतो ते बघायचं," डेल्फीन म्हणाली. "तो घाई करत नाही आणि बडबडही करत नाही. फिलिसला शिकवायला गेले होते, तिला त्यामुळेच जमलं नाही."

ब्रिटाला तासाभरात जमलं. लहानपणापासून विणकाम केलेली बोटं. अर्डिसच्या दोन फांद्या मोडल्या, तिसरं कडं अंड्यासारखं झालं, सूत एका बाजूला गोळा होऊन बसलं.

"वा!" डेल्फीन म्हणाली. "वाईट स्वप्नं तर सोड, यातून बेडूकसुद्धा आरपार जाईल."

अर्डिसला शाळा आठवली. चुकलेली इस्त्री, हातावर बसलेली पट्टी. तिनं कडं खाली ठेवलं. "या वयात नाही यायचं मला."

"तुझ्या आईलाही लवकर यायचं नाही. तीनदा उसवायची."

अर्डिसनं वर पाहिलं. "माझी आई?"

"तुझी आईच की. इथं रस आटवायला यायचो तेव्हा आमचा तंबू शेजारी असायचा. तुला पाठीवर बांधून न्यायच्या पाळण्याच्या फळीवर दोन जाळी होती. तांबडं सूत, रानप्लमच्या सालीत रंगवलेलं. मी पाच-सहा वर्षांची. मी त्यात बोट घातलं तर तिनं माझ्या हातावर फाडकन मारली. हात जड होता बाईचा."

"माझ्यासाठी केली होती?"

"मग काय माझ्यासाठी? मला तर मार मिळाला."

त्रेसष्ट वर्षांत अर्डिसला आईबद्दल एवढं कुणी सांगितलं नव्हतं. आणखी काय आठवतं, असं तिनं विचारलं. डेल्फीन आठवून आठवून सांगत गेली: ती डाव्या पायानं किंचित लंगडायची, मासे साफ करताना गुणगुणायची, अर्डिसला गाडीत बसवून नेलं त्या दिवशी ती रस्त्यानं बरीच लांबवर मागे पळाली होती. हे शेवटचं सांगताना डेल्फीन कढईकडे बघत होती. ब्रिटानं हातातलं काम थांबवलं होतं. अर्डिस रडली नाही. तिनं खाली ठेवलेलं कडं उचललं, सूत पहिल्या गाठीपर्यंत उसवलं आणि पुन्हा सुरुवात केली.

त्या पंधरवड्यात तिनं सात जाळी केली. सातवं बऱ्यापैकी गोल होतं.

जूनमध्ये मुलगी झाली. काळे केस, निळसर डोळे, आवाज डेल्फीनसारखा. तिच्या पाळण्याच्या कमानीला दोन जाळी बांधली, एक ब्रिटाचं नेटकं आणि एक अर्डिसचं जरा कललेलं. दुकानातले ड्रीमकॅचर काढायला ब्रिटा स्वतःच स्टूल घेऊन निघाली होती. अर्डिस म्हणाली, "सगळे नको काढूस. दारावरचा राहू दे. माझी सून मला पहिल्यांदा घर लावून देत होती, तेव्हाचा आहे." गुलाबी पिसांचा मोठा डेल्फीननं मागून नेला आणि आपल्या ट्रकच्या मागच्या काचेला लावला. "वाऱ्यावर पिसं काय उडतात!" ती सगळ्यांना सांगत सुटली. पुढच्या वर्षभरात वस्तीतल्या चारजणांनी तसला कुठं मिळेल म्हणून ब्रिटाला विचारलं.

ओट्यावर आता पितळी विंडचाइम तेवढं होतं. अर्डिसनं ते खिडकीपासून लांब, टोकाच्या खांबाला नेलं. तिथून त्याचा आवाज घंटेसारखा यायचा नाही. दुपारी नात तिथंच पाळण्यात झोपायची, आणि अर्डिस शेजारी खुर्चीत.

पुढच्या मार्चपर्यंत वाळुंजीची कडी वाळली. सूत सैल पडलं, ब्रिटाचं नेटकं जाळंही मुरडून पानासारखं झालं. ब्रिटा हळहळली. "डिंक लावून बघू का?"

"डिंक?" डेल्फीन स्वयंपाकघरातून ओरडली. ती हल्ली रविवारी जेवायलाच असायची. "पोर मोठी झाली की ते मोडणारच! जन्मभर टिकायला ते काय नवऱ्याची कटकट आहे?"

"आपण नवीन करू," अर्डिस म्हणाली. "फांद्या आत्ता ओल्या असतील."

नातीला तिनं पाठीशी बांधलं. ब्रिटानं सुताचं रीळ खिशात टाकलं. डेल्फीन तोवर ट्रकमध्ये जाऊन बसली होती आणि एका हातानं भोंगा वाजवत दुसऱ्या हातानं भाकरी खात होती. "चला गं! संध्याकाळपर्यंत इथंच उभ्या राहणार का दोघी सासवा-सुना?"